पाणी कुठं मुरतं

सातवं झाकणही तसंच निघालं.
साच्यातून सुटताना आवाज मात्र छान आला, टक्,
वाटलं, या खेपेला जमलं.
मग भोईरबाईंनी ट्यूबलाइट तिरकी धरली.
काळ्या विणीवरून उजेड घसरत गेला
आणि जागोजागी अडखळला.
टाचणीच्या टोकाएवढी भोकं.
समोरून पाहिली तर नाहीतच,
तिरकं पाहिलं की मोजून संपत नाहीत.

रबाळ्याच्या आमच्या शेडमध्ये
संशय घ्यायला कधी कुणी कमी पडत नाही.
साचा नीट पुसला नसेल.
मेण जास्त झालं असेल.
पिशवी गळत असेल.
म्हणून हवा ओढली, पंप बंद केला
आणि दहा मिनिटं सगळे काट्याकडे बघत राहिलो,
आयसीयूबाहेर नातेवाईक उभे असतात तसे.
काटा हलला नाही.
तरी कुणाला बरं वाटलं नाही.

इम्तियाज पटवेकरने तापमानाचा कागद
जमिनीवर सतरंजीसारखा पसरला.
ऐंशीवर पाऊण तास मुक्काम, मग एकशेवीस,
रेघेत कुठं ठेच लागलेली नाही.
"माझ्या ओव्हनवर येऊ नका," म्हणाला,
"कुठंतरी पाणी मुरतंय."
आम्ही हसलो.
त्यालाही वाटलं, आपण म्हणच वापरली.

बाई म्हणाल्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.
हे त्या कारखान्यात नाही शिकल्या,
एका वर्षी मसाला कडवट झाला, तेव्हा शिकल्या.
आठवं: साचा पुन्हा घासून. भोकं.
नववं: तिसऱ्या थराऐवजी प्रत्येक थराला हवा ओढून.
जेवणं साडेतीनला. भोकं, जराशी कमी.
दहाव्याच्या कोपऱ्यात कापड ताणून पूल झालेला,
पुलाखाली नुसतं रेझिन.
ते दुखणं निराळं होतं,
पुढच्या वेळी कात्रीने एक चीर दिली आणि मिटलं.
सपाटीवरच्या भोकांना कोपऱ्याशी देणंघेणं नव्हतं.

अकरावं नितळ निघालं.

उजेड या टोकाकडून त्या टोकाला गेला
आणि मध्ये कुणी त्याला हटकलं नाही.
नवी पिवळी टेप मागवणाऱ्याने श्रेय घेतलं.
इम्तियाजने चहा सांगितला.
मी वही उघडून बसलो होतो.

त्या दिवशी मी नव्हतो.
वाशीला दाढ काढायला गेलो होतो.
फोनवर वॉचमन थळेंना सांगितलं,
सातला फ्रीजरमधून रोल काढा, टेबलावर ठेवा,
हात लावू नका.
त्यांनी हात लावला नाही.
मी सुजलेला गाल घेऊन साडेअकराला पोचलो.

बाकीच्या दहा दिवशी सातला मीच होतो.
वक्तशीर म्हणून माझं नाव आहे.
उणे अठरातला रोल काढायचा,
लगेच प्लास्टिक फाडायचं, पट्ट्या कापायला घ्यायच्या.
ऐरोलीच्या खाडीकडून दारातून हवा यायची,
रोलला घाम फुटायचा,
मी तो बाहीने पुसायचो.
पुसला की गेला, असं वाटायचं.
तो थरांमध्ये जाऊन बसायचा,
शंभराच्या पुढं वाफ होऊन
मिळेल त्या भोकातून बाहेर यायचा.

बाईंना सांगितलं. जीभ दाढेच्या खड्ड्यात जात होती.
त्या कात्रीला धार लावत होत्या,
मान वर केली नाही.
"मग उद्या पिशवी बंद ठेव," म्हणाल्या.

आज बंद आहे.
सात चाळीस. पिशवीला बाहेरून घाम.
सव्वाआठ. बोटाने रेघ ओढली, ती पुन्हा भरली.
काम समोर असून हात मांडीवर ठेवून बसणं
मला कुणी शिकवलेलं नाही.
साडेनऊला सुपरवायझर दोनदा डोकावला.
सव्वादहा. ओलसर.
अकराला तळवा ठेवला:
कोरडं, माझ्या हाताइतकंच कोमट.
फाडलं.

संध्याकाळी बाराव्यावर ट्यूबलाइट तिरकी झाली.
कडेला एक भोक सापडलं. एकच.
मी बोट ठेवून उभा राहिलो.
बाई म्हणाल्या, "ते कापण्यात जाईल,"
आणि दिवा पुढं सरकवला.